शिकल्यानें देव जातो काय ?

कुणब्याच्या, साळ्याच्या, कुंभाराच्या घरांतलें एखादें पोर भजनांत रमूं लागतें, अभंगाचा अर्थ विचारूं लागतें, आणि एके दिवशीं म्हणतें, "बाबा, मला धर्माचें नीट शिक्षण घ्यावयाचें आहे. आळंदीस नाहींतर दुसऱ्या एखाद्या धर्मविद्यालयांत मला घाला." झालें ! घरांत दोन तट पडतात. आई म्हणते, जाऊं द्या, पोर देवाच्या कारणीं लागतें आहे. आजा म्हणतो, नको रे बाबा, फार पोथ्या वाचल्या म्हणजे भाव आटतो. आपली टाळ-माळ बरी आहे. आणि सत्यनारायणाची दक्षिणा कनवटीला लावून निघालेले जोशीबुवा ओसरीवर क्षणभर टेकतात व आजाच्या सुरांत सूर मिळवितात, "खरें आहे पाटील. तुम्हां लोकांचा भोळा भाव हेंच तुमचें धन. शास्त्राच्या भानगडींत पडून तें कशाला घालवितां ?"

आजोबांच्या बोलण्याचा विचार आम्ही मागाहून करूं, कारण तें बोलणें प्रामाणिक आहे. आधीं जोशीबुवांचा समाचार घेऊं.

बंधूंनो, शेतकऱ्याचा भाव आटेल ही चिंता जोशीबुवांना कां लागावी ? त्यांचा स्वतःचा मुलगा मुंज होतांच पाठशाळेंत गेला, संहिता घोकूं लागला. त्याचा भाव आटला नाहीं काय? कीं शास्त्र वाचून भाव आटण्याचा हा रोग कुणब्या-माळ्यांच्याच पोरांना होतो, आणि भटजींच्या पोरांना त्याची लस जन्मतःच टोंचलेली असते ? खरें सांगावयाचें तर भोळा भाव हें शेतकऱ्याचें धन नसून जोशीबुवांचें कुरण आहे. पोराला अर्थ कळूं लागला तर तें विचारील, हा संकल्प कोणत्या भाषेंत आहे, त्यांत आमच्या बापाचें नांव कोठें आहे, आणि ग्रहण सुटल्यावर दान आम्हीच कां द्यावयाचें ?

कोल्हापुरास १८९९-१९०० च्या सुमारास वेदोक्ताचें प्रकरण निघालें तेव्हां साक्षात् छत्रपतींच्या गादीवर बसलेल्या शाहू महाराजांना त्यांच्याच अन्नावर पोसलेल्या उपाध्यांनीं सांगितलें कीं, तुम्हांला वेदमंत्र नाहींत, पुराणोक्तावर भागवा. राजाची ही कथा, तर नांगऱ्याची काय ? त्या वेळीं 'भाव आटेल' असें कोणी म्हणाला नाहीं. उघड जातच काढली. आज जात तोंडावर काढण्याची सोय राहिली नाहीं, कायदा आडवा येतो, म्हणून भावाची ढाल पुढें केली आहे. ढालीमागें माणूस तोच आहे.

आतां आजोबा. त्यांची भीति खोटी आहे असें सांगून आम्ही त्यांना फसविणार नाहीं. धर्म शिकावयास गेलेला मुलगा श्रद्धा गमावून परत आला, असें घडलेलें आहे. फ्रान्स देशांत ब्रिटनी म्हणून समुद्रकांठचा प्रांत आहे. तेथील त्रेगिए या लहान गांवीं १८२३ सालीं एर्नेस्त रेनां हा मुलगा जन्मला. बाप गलबतावरचा माणूस. मुलगा पांच वर्षांचा असतांनाच तो समुद्रांत गेला. आईची एकच इच्छा, पोर पाद्री व्हावें. पोर हुषार, शिकत शिकत तें पॅरिसच्या सें-सुल्पिस येथील सेमिनरींत, म्हणजे पाद्री तयार करण्याच्या विद्यालयांत, पोंचलें. बायबलाचा जुना भाग हिब्रू भाषेंत आहे, म्हणून तो हिब्रू शिकला. आणि मुळांत वाचूं लागल्यावर त्याला दिसलें कीं, जें पुस्तक एका हातचें म्हणून सांगतात त्यांत अनेक हातांचे सांधे आहेत. जीं भविष्यें म्हणून सांगतात त्यांतलीं कांहीं गोष्ट घडून गेल्यावर लिहिलेलीं आहेत. सुताराला चौकटीचा सांधा दिसतो तसा त्याला तो दिसला, आणि एकदां दिसलेला सांधा न दिसल्यासारखें करणें त्याला जमेना. १८४५ च्या ऑक्टोबरांत पाद्र्याचा झगा उतरवून तो सेमिनरींतून निघून गेला.

आजोबा म्हणतील, पहा ! आम्ही हेंच म्हणत होतों.

थांबा, गोष्ट पुरी झाली नाहीं. वीस-बावीस वर्षांच्या त्या गरीब मुलाला निघून जातां आलें कसें ? त्याची थोरली बहीण हेन्रिएत पोलंडांत एका सरदाराघरीं मुलांना शिकविण्याच्या नोकरीवर होती. तिनें आपल्या कमाईंतून साठविलेले १२०० फ्रँक त्याच्या हातीं दिले. पोटासाठीं देवाच्या नांवानें खोटें बोलण्याची पाळी भावावर येऊं नये, एवढ्यासाठीं एका बहिणीनें परक्या देशांत दिवस काढले ! रेनां पुढें मोठा पंडित झाला, १८६३ त त्यानें येशूचें चरित्र लिहिलें, त्यापायीं सरकारी अध्यापकाची जागाही गमावली. तें सर्व राहूं द्या. आमचें म्हणणें एवढेंच कीं, त्याच विद्यालयांत तेंच हिब्रू आणखी कित्येकांनीं वाचलें असेल, आणि त्यांतल्या कांहींना तोच सांधा दिसलाही असेल. पण त्यांच्यामागें अशी बहीण नव्हती. ते झगा घालून बसले, आणि मनांत एक ठेवून ओठांनीं दुसरें सांगत गेले. आजोबा, तुम्हांला तुमचा नातू कोणता हवा ? उघड सांगून घरीं येणारा, कीं आंतून कोरडा होऊन चौरंगावर बसणारा ? पहिल्याची श्रद्धा गेली हें गांवाला कळतें. दुसऱ्याची कधीं गेली तें कोणालाच कळत नाहीं, आणि गांव मात्र त्याच्या पायां पडत राहतें.

आणि सगळेच रेनां होत नाहींत. आपल्या घरचा माणूस पहा. विठ्ठल रामजी शिंदे १८७३ सालीं जमखिंडीस मराठ्याच्या घरीं जन्मले. वडील रामजीबाबा पंढरीचे वारकरी. म्हणजे घर तुमच्या आमच्यासारखें, वारीचें आणि टाळाचें. हा मुलगा पुण्यास फर्ग्युसन कॉलेजांत आला, मिल्ल आणि स्पेन्सर या इंग्रज पंडितांचे ग्रंथ त्यानें वाचले, आणि लहानपणचा देव त्याच्या हातून निसटला. इकडे आजोबांनीं लक्ष द्यावें. देव निसटला तो धर्मविद्यालयांत नव्हे. साध्या कॉलेजांत निसटला, जेथें आज आपण आपलीं पोरें इंजिनिअर आणि तलाठी होण्यासाठीं विनातक्रार धाडतों ! शंका यावयाची ती कोठेंही येते. तिला तोंड देण्यास शिकविणारी जागा मात्र क्वचित् मिळते. शिंदे प्रार्थनासमाजांत आले, तेथें त्यांचें मन पुन्हां प्रार्थनेकडे वळलें, आणि १९०१ सालीं एकेश्वरी ख्रिस्ती मंडळींच्या शिष्यवृत्तीवर ते विलायतेस ऑक्सफर्ड येथील मँचेस्टर कॉलेजांत धर्म शिकण्यास गेले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनींही त्यांना मदत केली.

या कॉलेजाची हकीकत कळल्याशिवाय आमचा मुद्दा नीट ध्यानांत येणार नाहीं. पूर्वीं इंग्लंडांत ऑक्सफर्डच्या विद्यापीठांत नांव घालतांना विद्यार्थ्याला सरकारी चर्चच्या धर्ममतांच्या ३९ कलमांवर सही करावी लागे. १८५४ पर्यंत ही चाल होती. काय गंमत आहे पहा : शिकावयाचें मागाहून, मान्य आधीं करावयाचें ! आपल्याकडे जन्म पाहून दार लावीत, तिकडे सही पाहून लावीत. ज्यांना सही पटली नाहीं त्यांनीं १७८६ सालीं मँचेस्टर शहरांत आपलें वेगळें विद्यालय काढलें. तें गांवें फिरत फिरत १८८९ त ऑक्सफर्डलाच येऊन बसलें, आणि आज हॅरिस मँचेस्टर कॉलेज या नांवानें त्याच विद्यापीठाचा भाग झालें आहे. त्याचा कायदा असा कीं, धर्माची विद्या मोकळेपणीं द्यावयाची, पण अमुक मत कबूल करच असें विद्यार्थ्याला म्हणावयाचें नाहीं. ज्या गांवांत सहीशिवाय दार उघडत नव्हतें त्याच गांवांत जमखिंडीच्या वारकऱ्याचा मुलगा सहीवांचून धर्म शिकला. तेथें एस्टलिन कार्पेंटर हे पाली भाषेचे जाणते पंडित निरनिराळ्या धर्मांची तुलना शिकवीत. ख्रिस्ती लोकांच्या विद्यालयांत बसून बुद्धाचाही अभ्यास करावयाचा, आणि 'तूं ख्रिस्ती हो' असें कोणी म्हणावयाचें नाहीं !

१९०३ सालीं शिंदे परत आले. कांहीं गेलें काय ? गेलें. मूर्तीचा देव गेला, ग्रंथ आकाशांतून पडतो ही कल्पना गेली, जातीचा सोवळेपणा तर औषधालाही उरला नाहीं. उरली ती प्रार्थना. आणि तिनें काय केलें तें पहा. १८ ऑक्टोबर १९०६ रोजीं मुंबईस परळ येथें अस्पृश्य मुलांसाठीं त्यांनीं शाळा उघडली, भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी स्थापिली, आणि पुढें पुष्कळ वर्षें घरदारासकट त्या कामांत घातलीं. राजकारणांत त्यांचें व ब्राह्मणेतर पुढाऱ्यांचें पटलें नाहीं. तो वाद निराळा, आणि त्यांत आमचें मत कोणाकडे आहे हें विचारण्याचें हें स्थळ नव्हे. पण एवढें उघड आहे कीं, विलायतेंत धर्म शिकून आलेल्या या माणसाला मोठ्या पगाराची खुर्ची मिळवितां आली असती, आणि तो गेला महारवाड्यांत. ज्या जोशीबुवांचा भाव कधींच आटला नव्हता, ते त्या वाड्याच्या सावलीलाही कधीं उभे राहिले नाहींत.

नांगऱ्याला शास्त्र काय कळणार, असें म्हणणाऱ्यांसाठीं आणखी एक गोष्ट. आफ्रिकेंत नाताळ प्रांतीं जॉन कोलेन्सो नांवाचा इंग्रज बिशप होता. बिशप म्हणजे पाद्र्यांचा वरिष्ठ. गणिताचीं पुस्तकें लिहिलेला हिशेबी माणूस. झुलू लोकांच्या भाषेंत तो बायबल उतरवीत होता, आणि विल्यम न्गिडी हा झुलू माणूस त्याला मदत करी. जगबुडीची कथा आली. सर्व जातींचे प्राणी एका नावेंत भरले, असें त्यांत आहे. न्गिडीनें विचारलें, हें सगळें खरें आहे काय ? ज्याच्या लोकांनीं जन्मभर गुरें राखलीं, त्याला एका जागीं किती जनावरें मावतात आणि त्यांना वैरण किती लागते हें कोणीं शिकवावें ? बिशप गप्प बसूं शकला असता, किंवा 'पापी शंका' म्हणून डोळे वटारूं शकला असता. तो हिशेब करीत बसला, आणि १८६२ सालीं त्यानें पुस्तक छापून सांगितलें कीं, ह्या कथा घडलेला इतिहास म्हणून टिकत नाहींत. वरच्या बिशपानें १८६३ त त्याला पदावरून काढल्याचें जाहीर केलें; पुढें विलायतेच्या वरिष्ठ न्यायसभेनें तें रद्द ठरविलें. मग त्याचा देव गेला काय ? १८७३-७४ त नाताळ सरकारनें लंगालिबालेले या आफ्रिकी सरदाराला अन्यायानें शिक्षा दिली तेव्हां गोऱ्या लोकांत त्याची बाजू घेऊन भांडला तो हाच कोलेन्सो. झुलू लोक त्याला 'सोबांटू' म्हणत, म्हणजे लोकांचा बाप. नाताळांतल्या बहुतेक गोऱ्यांची जगबुडीवर पूर्ण श्रद्धा होती. त्या वेळीं ते सरकारच्या बाजूला उभे होते.

आतां आमच्याच मंडळींतून एक आक्षेप येईल, आणि तो जड आहे. कोणी जुना सत्यशोधक उठून म्हणेल, "जोतीरावांनीं १८७३ सालीं समाज काढला तो देव आणि माणूस यांतला दलाल हांकण्यासाठीं. आतां तुम्ही आपल्याच पोरांना दलालीचें शिक्षण द्यावयास निघालां काय ?" याला हंसून उडवितां येत नाहीं. शाहू महाराजांनीं कोल्हापुरास वैदिक विद्यालय काढलें, १९२० सालीं क्षात्रजगद्गुरूंची गादी स्थापिली. मराठ्याच्या पोरानें मराठ्याच्या घरचें लग्न लावलें आणि कोणाचीही मुळी सुकली नाहीं, हें त्यांनीं डोळ्यांदेखत दाखविलें. त्या काळीं तें दाखविणें जरूर होतें. तरी त्या गादीविषयीं सत्यशोधकांतच वाद झाला, आणि वाद करणारे मूर्ख नव्हते. मंत्र घोकण्याला शिक्षण म्हटलें कीं भटाची जात बदलते, भटगिरी बदलत नाहीं.

आणि हा धोका आज जास्त आहे, कारण दारें उघडलीं आहेत. २०१४ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें पंढरीच्या मंदिरांतले बडवे-उत्पातांचे पिढीजात हक्क संपले, आणि मंदिर समितीनें पुजाऱ्यांच्या जागांसाठीं सर्व जातींच्या लोकांकडून, बायकांकडूनही, अर्ज मागविले. आनंद झाला. पण तुमचा पोर गाभाऱ्यांत उभा राहून रांगेंतल्या म्हातारीला ढकलूं लागला तर तिला त्याच्या जातीचा काय उपयोग ? आळंदीची वारकरी शिक्षण संस्था घ्या. १९१७ सालीं जोगमहाराजांनीं ती स्थापिली. ते जातीनें ब्राह्मण होते. जें खरें तें लिहिलें पाहिजे. त्यांनीं सर्व जातींच्या मुलांना ज्ञानेश्वरी आणि गाथा शिकविली, मुलें गांवांत माधुकरी मागून शिकलीं. त्या झाडाला चांगलीं फळें आलीं. पण आज गांवोगांव सप्ताहाचे फलक लागतात त्यांवरच्या कांहीं बुवांची बिदागी विचारा. एका रात्रीच्या कीर्तनाचा आंकडा ऐकून सोसायटीचें कर्ज आठवतें. वर मोटारीचें भाडें निराळें, आणि कीर्तनांत अर्धा वेळ सुनांची निंदा. हाच तो पोटाचा फांस. ज्याचें घर बिदागीवर चालतें तो शिकलेलें खरें सांगूं शकत नाहीं. जें सांगितल्यानें पुढच्या वर्षीं पुन्हां बोलावणें येईल तेंच तो सांगतो. तुकोबा वाण्याचें दुकान चालवीत आणि शेतीचें घर सांभाळीत, हें आपल्या बुवांना ठाऊक आहे. तें फलकावर लिहीत नाहींत इतकेंच.

म्हणून पोराला पाठवा, पण तयार करून पाठवा. आपण मडकें घेतांना वाजवून घेतों, बीं पेरण्याआधीं पाखडतों, आणि पोराला मात्र वाण न तपासतां परक्याच्या हातीं देतों.

जाण्याआधीं वर्षभर त्यानें घरचीच गाथा स्वतः वाचावी, कोणाच्या प्रवचनाच्या कुबडीशिवाय. जेथें अडेल तेथें खूण करावी. आजोबांनीं रोज रात्रीं त्याला एक प्रश्न विचारावा कीं, तूं हात कोणापुढें जोडतोस आणि कां. उत्तर येईना तर रागावूं नये, उत्तर घोकलेलें आलें तर मात्र रागवावें. त्याला सांगून ठेवावें कीं, तेथें गेल्यावर कांहीं गोष्टी सुटतील, चमत्काराच्या कथा सुटतील, कदाचित् पहिलें वर्ष-दोन वर्षें प्रार्थनाही कोरडी वाटेल, आणि तसें झालें म्हणजे आपण पापी झालों असें समजण्याचें कारण नाहीं. हें आधीं कोणीं सांगितलेलें नसतें म्हणून पोरें घाबरतात. घाबरलेलें पोर मग एकतर शिकणें सोडतें, नाहींतर सोंग शिकतें.

हातचा धंदा सोडूं देऊं नका. साळ्याचा असेल तर माग, सुताराचा असेल तर रंधा, कुणब्याचा असेल तर पेरणी-काढणीला चार आठवडे घरीं. ज्याला सकाळीं मोट धरतां येते, किंवा आजच्या भाषेंत पंप चालू करतां येतो, तो संध्याकाळीं कोणाच्या बिदागीला मिंधा होत नाहीं. विद्यालय पाहतांना इमारत पाहूं नका. गुरूंना बाजूला घेऊन विचारा, शंका विचारलेली चालते काय ? जात विचारली जाते काय ? शेवटीं मत बदललें तर मुलाला कोणी हांकून देतो काय ? 'तुमच्या मुलाला शंका येणारच नाहींत' असें ज्यांनीं सांगितलें त्यांच्या वाऱ्याला उभे राहूं नका. आणि मुलीनें म्हटलें, मलाही शिकावयाचें आहे, तर हेच प्रश्न तिच्यासाठींही विचारा. मुक्ताबाई आणि जनाबाई यांच्या नांवानें टाळ कुटणाऱ्या घरानें तिला चूल दाखवूं नये.

आणि एक गोष्ट आईसाठीं. त्या फ्रेंच बहिणीनें केलें तें तुम्ही करा. दुधाच्या, कोंबड्यांच्या, शिलाईच्या पैशांतून थोडे थोडे बाजूला टाका, पोराला सहा महिने पुरतील इतके, आणि तो निघतांना त्याला सांगा कीं हे पैसे परतीचे आहेत, ज्या दिवशीं तुला पटणार नाहीं त्या दिवशीं यांवर ये. बहुधा तो येणार नाहीं. पण आला, आणि म्हणाला कीं मला बुवा व्हावयाचें नाहीं, तर शेजाऱ्यांना काय सांगूं म्हणून रडत बसूं नका. त्याला जेवावयास वाढा, दुसऱ्या दिवशीं औत द्या, आणि रात्रीं आजोबांना व त्याला ओसरीवर एकत्र बसवून तेथें काय काय वाचलें तें सगळें सांगावयास लावा. त्या दिवशीं जोशीबुवा आले तर त्यांनाही बसावयास घोंगडी द्या.